आई गेल्याचा मेल आणि त्यातल्या चार चुका

प्रश्न थोडक्यात असा होता: "प्रौढांच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला मी सहा महिन्यांपासून शिकवतोय. चौदा जण आहेत, सगळे मराठी भाषक, पातळी ए-वन ते ए-टू, म्हणजे अगदी सुरुवातीची. प्रत्येकाने आठवड्यातून एक ईमेल मला लिहायचा असं ठरवलं. परवा एकाचा पहिलाच मेल आला: 'डिअर टीचर, आय ॲम नॉट कम लास्ट क्लास बिकॉज माय मदर इज डेड बिफोर थ्री डेज. आय विल डू द होमवर्क. सॉरी.' दोन दिवस झाले, काय उत्तर द्यावं सुचत नाही. चुका दाखवायच्या का? बाकीच्यांपैकी निम्मे लिहीतच नाहीत, दोघांचे मेल संशय यावा इतके बिनचूक असतात आणि उत्तरं लिहिण्यात माझा रविवार जातो. हे चालू ठेवावं का? आणि याला गुण द्यावेत का?"

चालू ठेवा. पण आधी तो एक मेल. पुढचं वाचायच्या आधी त्याला उत्तर लिहून टाका, दोन दिवस म्हणजे तसा उशीरच झालाय. मी लिहिलं असतं ते एवढंच: "आय ॲम व्हेरी सॉरी दॅट युअर मदर डाइड. थँक यू फॉर टेलिंग मी. प्लीज डोन्ट वरी अबाउट द होमवर्क. कम बॅक व्हेन यू कॅन." वर त्याचं नाव, खाली तुमचं. दुरुस्ती एकही नाही. 'पास्ट अवे' लिहायचा मोह होईल, ते जास्त सभ्य वाटतं. पण ज्याची आई गेलीय त्याला त्याच आठवड्यात शब्दकोश उघडायला लावू नका. 'डाइड' त्याला कळतं.

त्याने 'माय मदर इज डेड' लिहिलं होतं, तुमच्या उत्तरात 'युअर मदर डाइड' आलं. म्हणजे चूक न दाखवताही बरोबर रूप त्याच्यासमोर ठेवून झालं. आज त्याचं तिकडे लक्ष जाणार नाही, जायची गरजही नाही. 'बिफोर थ्री डेज'ला तर आत्ता हातच लावू नका. 'तीन दिवसांपूर्वी' मनात धरून लिहिलं की ते तसंच उतरतं, तुमच्या वर्गात आणखी सात-आठ जण तसंच लिहीत असतील. पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, मग फळ्यावर 'आय बॉट धिस फोन टू इयर्स अगो' लिहा आणि प्रत्येकाकडून चार-चार वाक्यं करून घ्या. तो धडा कुठून आला हे कोणाला कळायचं कारण नाही.

प्रौढांना इंग्रजी शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली, मेलचा हा उद्योग त्यातली पंधरा-सोळा. पहिली दोन वर्षं मी तो अगदी चुकीच्या पद्धतीने केला. आलेले मेल छापून घ्यायचे, लाल पेनाने दुरुस्त करायचे आणि वर्गात परत द्यायचे. मनात भाव असा, की बघा, मी किती मेहनत घेते. माझ्या वर्गात एक ट्रक चालवणारे गृहस्थ होते. मुलगी परीक्षेत नापास झाली, घरी काय झालं, तिची समजूत कशी घातली, असं त्यांनी अकरा ओळी लिहिलं. अकरा ओळी, आणि तेही ए-वनच्या माणसाने! मी त्यांना कागद परत दिला तेव्हा त्यावर सतरा लाल खुणा होत्या. मुलीविषयी मी एक शब्द लिहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांचा मेल आला: 'आय ॲम फाइन. द वेदर इज गुड टुडे. थँक यू.' एकही चूक नाही. त्यानंतर कोर्स संपेपर्यंत ते हवेविषयीच लिहीत राहिले.

ते शिकले नाहीत असं नाही. जेवढं नक्की बरोबर येतं तेवढंच लिहायचं, हे ते माझ्याकडून पक्कं शिकले. प्रौढ माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, त्याच्याकडे नसतं ते इंग्रजी. लहान मुलाचं उलट असतं, त्याला 'माय डॉग इज ब्लॅक' लिहून आनंद होतो. चाळीस-पन्नास वर्षं जगलेल्या माणसाला हवेबद्दल लिहायला लावणं म्हणजे त्याला मुद्दाम लहान करणं. म्हणून माझा पहिला आणि जवळजवळ एकमेव नियम: मेल हे आधी पत्र, मग गृहपाठ. पत्राला उत्तर द्यायचं असतं. ते तपासायचं नसतं.

दुरुस्तीने फायदा होतो की नाही यावर अभ्यासकांमध्येही चांगलीच जुंपली होती. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये सरळ मांडलं, की दुसऱ्या भाषेतल्या लेखनात व्याकरणाच्या दुरुस्त्या करणं सोडून द्यावं, त्याने उपयोग होत नाही, उलट नुकसान होतं. डॅना फेरिस यांनी 1999 मध्ये त्यांना उत्तर दिलं, की इतक्या लवकर निकाल लावू नका, दुरुस्ती कशी आणि कोणत्या चुकांची करता त्यावर बरंच अवलंबून आहे. वाद पुढे बरीच वर्षं चालला. मला विचाराल तर दोघांचंही आपापल्या जागी पटतं. निबंधाचा कच्चा खर्डा असेल, विद्यार्थी तो पुन्हा लिहिणार असेल, तर दुरुस्त करा, जरूर करा. पण गेलेला मेल कोणी पुन्हा लिहीत नाही. त्यावरची लाल शाई कुठे वापरायची तेच त्याला कळत नाही.

मग चुकांचं करायचं काय? एक मेल आणि त्याचं उत्तर जवळून दाखवते. एक बाई, पन्नाशीच्या आसपास, रात्रपाळी करून वर्गाला येणाऱ्या. त्यांचा पहिला मेल असा, आणि तोही सगळाच्या सगळा सब्जेक्टच्या ओळीत लिहिलेला, खाली मजकूर कोरा: 'टीचर टुमारो आय नॉट कम माय सन फिवर.' माझं उत्तर: "आय ॲम सॉरी दॅट युअर सन हॅज अ फिवर. ओके, यू आर नॉट कमिंग टुमारो. डोन्ट वरी. हाऊ ओल्ड इज युअर सन?" तीन दिवसांनी त्यांचा मेल: 'माय सन इज 19. ही हॅज अ फिवर सॅटरडे संडे. नाऊ ही इज गुड. आय ॲम कमिंग टुमारो.'

बघा काय काय उचललं. 'हॅज अ फिवर' आलं, त्यातल्या 'अ'सकट. 'आय ॲम कमिंग' आलं, त्याबद्दल मी एक अक्षर समजावलं नव्हतं. 'हॅड' आलं नाही, कारण माझ्या उत्तरात ते नव्हतंच. मग मी पुढच्या उत्तरात लिहिलं: "सो ही हॅड अ फिवर ऑन सॅटरडे अँड संडे, अँड नाऊ ही इज बेटर. आय ॲम ग्लॅड." 'हॅड' त्यांच्या लिहिण्यात यायला पुढे सात आठवडे लागले. मी मोजले होते, त्यातलं कौतुक मलाच. आणि मजकूर सब्जेक्टच्या ओळीत लिहायचा नसतो हे त्यांना मेलमधून सांगितलंच नाही, वर्गात फोन हातात घेऊन दाखवलं. ज्या गोष्टी बोट ठेवून दाखवायच्या त्या लिहून समजावत बसू नये.

याला तांत्रिक भाषेत रीकास्ट म्हणतात: विद्यार्थ्याचं म्हणणं तेच ठेवून बरोबर रूपात परत म्हणायचं. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असं दिसलं, की शिक्षक सगळ्यात जास्त वापरतात तो हाच प्रकार आणि मुलांकडून सगळ्यात कमी प्रतिसाद मिळतो तोही यालाच. कारण उघड आहे. बोलण्यात ते विरून जातं, मुलाला वाटतं बाई 'हो' म्हणाल्या. पण ते बोलण्यातलं झालं. मेलमध्ये तुमचं वाक्य पडद्यावर राहतं आणि बहुतेक वेळा त्याच्याच खाली त्याचं मूळ वाक्यही असतं. बसमध्ये बसून दोन्ही तीनदा वाचता येतात. माझ्या अनुभवात चारातले एक-दोन जण स्वतःहून ताडून बघतात. बाकीच्यांना वर्गात एकदा युक्ती सांगावी लागते: "माझ्या उत्तरात तुमचंच वाक्य शोधा, थोडं बदललेलं असेल." तो एक खेळच होऊन बसतो. काही जण मग शोधून कळवतात, 'आय फाउंड थ्री!'

शिवाय दर मेलला मी एकच टिपण देते, तेही सही झाल्यावर, अगदी शेवटी, आणि दिलंच पाहिजे असं नाही. 'वन स्मॉल थिंग: वी से आय ॲग्री, नॉट आय ॲम ॲग्री.' एकच. कुठली चूक निवडायची? ज्यामुळे मला अर्थच कळला नाही ती पहिली. तशी नसेल, तर जी सतत होते आणि एका ओळीत समजावता येते ती. आर्टिकलच्या ('अ', 'ॲन', 'द') चुकांवर पहिले चार महिने लिहू नका, त्यांना अंत नाही. आईच्या मेलसारखा मेल असेल तर टिपण नाही, म्हणजे नाहीच.

तुमचं उत्तर त्याच्या मेलपेक्षा थोडंसंच लांब असावं. त्याने तीन ओळी लिहिल्या तर तुम्ही पाच. मी एकेकाळी उत्साहाने पानभर लिहायचे आणि मग आश्चर्य करायचे की परत काही येत का नाही. ते बिचारे माझं पत्रच अर्धा आठवडा वाचत बसायचे. शेवटी प्रश्न एक, आणि तो खरा. खरा म्हणजे ज्याचं उत्तर मला माहीत नाही असा. 'व्हॉट डिड यू डू ऑन संडे?' हा प्रश्न खरा नाही, तो भूतकाळाचा सराव आहे आणि पन्नाशीच्या माणसाला ते लगेच कळतं. कपाटं बनवणाऱ्याला मी विचारलं होतं, दार नीट बसत नसेल तर आधी काय तपासायचं. आमच्या घरचं एक दार खरंच बसत नव्हतं. त्याने नऊ ओळी लिहिल्या, बिजागरीला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधून काढलं आणि 'इफ'ची दोन वाक्यं आपसूक केली. त्या मेलपुरता शिक्षक तो होता. अशी संधी वर्षातून प्रत्येकाला एकदा तरी मिळावी, एवढं मी बघते.

ही कल्पना काही ईमेलबरोबर जन्मली नाही. लॉस एंजेलिसमध्ये लेस्ली रीड नावाच्या शिक्षिका सहावीच्या मुलांशी वह्यांमधून रोज लेखी संवाद करत असत. मूल लिहायचं, बाई त्याच वहीत उत्तर द्यायच्या, दुरुस्ती न करता. जाना स्टेटन आणि जॉय क्रीफ्ट पेटन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या वह्यांचा 1980 च्या दशकात बारकाईने अभ्यास केला आणि 'डायलॉग जर्नल' हा शब्द इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये रुजला. पुढे ती पद्धत प्रौढांच्या वर्गांत आली. हे सांगायचं कारण, तुमच्या वर्गातल्या कोणाला मेल जमत नसेल तर साधी दोनशे पानी वहीही तेच काम करते. माझ्याकडे दर वर्षी एक-दोन वह्या असतातच.

मग मेलच का, आणि व्हॉट्सॲप का नाही, असं वर्गात विचारतील. माझं उत्तर असं: मेसेजला लगेच उत्तर द्यावं लागतं, निदान तसं वाटतं. मेलला वेळ घेता येतो. ड्राफ्ट करून ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला, एक शब्द बदलला, असं करता येतं. आणि मेलला सुरुवात, मजकूर, शेवट असा आकार असतो. रजा मागायची, चुकीचा पगार आल्याची तक्रार करायची, मुलाच्या शाळेला कळवायचं, तर पुढे मेलच लिहावा लागणार आहे. तुमच्या संस्थेत कोणी "हे अभ्यासक्रमात कुठे बसतं?" असं विचारलं तर सांगा, की ए-वन ते सी-टू या सहा पातळ्यांची युरोपीय चौकट, जी 2001 मध्ये आली, तिच्या 2018 च्या पुरवणीत ऑनलाइन संवादासाठी स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत. एवढ्याने बहुतेक साहेबांचं समाधान होतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ज्याकडे बहुतेक शिक्षकांचं लक्षच नसतं, ते म्हणजे अदब. व्याकरणाची चूक असली तर वाचणारा म्हणतो, याचं इंग्रजी कच्चं आहे. अदबीची चूक असली तर म्हणतो, हा माणूस उद्धट आहे. दुसरी चूक महागात पडते, कारण ती भाषेची चूक आहे हेच कोणाला कळत नाही. मारिया इकोनोमिडू-कोगेत्सिडिस यांनी 2011 मध्ये सायप्रसमधल्या ग्रीक भाषक विद्यार्थ्यांचे प्राध्यापकांना पाठवलेले इंग्रजी मेल तपासले. त्यांत हेच दिसलं: मागणं फार थेट, अभिवादन आणि समारोप गाळलेले, संबोधन चुकलेलं. ते विद्यार्थी उद्धट होते असं कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे हे का होतं ते मराठीतूनच समजावता येतं आणि समजावावं. 'पाठव', 'पाठवा', 'पाठवाल का', 'पाठवावे ही विनंती'. आपली अदब क्रियापदाच्या शेपटात असते. इंग्रजी 'सेंड'ला ते शेपूटच नाही. त्यामुळे मनात 'पाठवावे' असतं, कागदावर 'सेंड मी द नोट्स' उतरतं आणि अदब वाटेतच गळून पडते. वर 'प्लीज' लावलं की झालं असं त्यांना वाटतं. 'प्लीज सेंड मी द नोट्स सून' हे वाचताना अजूनही हुकूमच वाटतो. इंग्रजीत ती अदब 'कुड यू'मध्ये आणि 'इफ यू हॅव टाइम'मध्ये असते. मी चौघांना चार वाक्यं देते, 'सेंड मी', 'प्लीज सेंड मी', 'कॅन यू सेंड मी', 'कुड यू प्लीज सेंड मी', आणि त्यांच्यासमोर मराठीतली चार रूपं ठेवून जोड्या लावायला सांगते. दहा मिनिटांचं काम, पण चेहऱ्यावर जो 'अस्सं होय!' उमटतो तो व्याकरणाच्या कुठल्याच तासाला उमटत नाही. 'आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय' हेही त्यातच घ्या. आपण ते 'उत्तराची वाट पाहतो' अशा नम्र भावाने लिहितो, वाचणाऱ्याला ते दारात ठिय्या दिल्यासारखं वाटतं.

'डिअर'चीही एक गोष्ट. निवृत्तीला आलेले एक विद्यार्थी मला काही केल्या 'डिअर' लिहीत नव्हते. दर मेलला 'रिस्पेक्टेड मॅडम'. शेवटी कारण कळलं. 'डिअर' म्हणजे 'प्रिय', आणि परक्या बाईला प्रिय कसं लिहायचं? घरात कोणी वाचलं तर? मला हसूही आलं आणि पटलंही. त्यांना सांगितलं, की इंग्रजी पत्रातल्या या 'डिअर'मध्ये प्रेम शिल्लक राहिलेलं नाही, वीज कंपनीसुद्धा थकबाकीच्या पत्रात 'डिअर' लिहिते. त्यानंतर लिहायला लागले, पण माझी खात्री आहे, दर वेळी थोडं चोरट्यासारखं वाटत असणार. आणि नुसतं 'डिअर टीचर' इंग्रजीत सहसा लिहीत नाहीत, तिथे नाव लागतं. हे सांगायची सोपी रीत म्हणजे ज्या नावाने हाक मारलेली तुम्हाला चालेल, त्याच नावाने तुमच्या मेलखाली सही करा. दोन-तीन मेलांत ते उचलतात.

न लिहिणारे निम्मे. आळस हे कारण मला फार क्वचित सापडलं. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं की वेगळंच निघतं: पासवर्ड विसरलाय आणि तो परत मिळवायचा तर ओटीपी मुलाच्या फोनवर जातो. मेलचा पत्ता मुळात मुलीने काढून दिलाय आणि ती सगळं वाचते. फोनवर इंग्रजी टाइप करायला एका ओळीला दहा मिनिटं लागतात आणि मधेच फोन आपल्या मर्जीने शब्द बदलतो. या अडचणी इंग्रजीच्या नाहीत, पण त्या सुटल्याशिवाय इंग्रजीपर्यंत पोचता येत नाही. एक पूर्ण तास त्यावर घालवा: स्वतःचा पत्ता, कागदावर घरी ठेवायचा पासवर्ड, नवा मेल, उत्तर, पाठवणे. सीसी म्हणजे कार्बन कॉपी हे सांगितल्यावर आमच्या वर्गातल्या एका जुन्या टायपिस्ट बाईंनी उठून कार्बन पेपर कसा घालायचा ते हवेत हात करून दाखवलं होतं. त्या दिवसानंतर सीसी कोणी विसरलं नाही.

आणि पहिला मेल तुम्ही पाठवा. तुम्ही त्यांना 'लिहा' म्हणालात, पण स्वतःविषयी काही लिहिलंत का? पाच-सहा ओळी पुरतात: मी कोण, मला काय आवडतं, आज माझी काय फजिती झाली, आणि एक प्रश्न. प्रत्येकाला वेगळा पाठवा, निदान प्रश्न तरी वेगळा असू द्या. कोऱ्या पानावर लिहिण्यापेक्षा आलेल्या पत्राला उत्तर देणं कोणालाही सोपं जातं.

ते दोन बिनचूक मेल. अनुवादाचं ॲप किंवा चॅटबॉट, दुसरं काय असणार. मी तपासनीस व्हायचं सोडून दिलंय. प्रौढ माणसाला 'हे तुम्ही लिहिलेलं नाही' म्हटलं की तो एक तर चिडतो नाही तर गप्प होतो, आणि दोन्हींत मेल बंद पडतात. शब्द शोधायला काहीही वापरा, वाक्य मात्र तुमचं हवं, एवढं वर्गाला सांगते. त्यामागचं कारणही सांगते: मी तुमच्याच वाक्यावरून पुढचा धडा ठरवते, यंत्राचं वाक्य पाठवलंत तर धडा यंत्राला मिळेल. मग त्या दोघांना अगदी बारीक, त्यांच्याच जगण्यातला प्रश्न विचारा. 'तुम्ही परवा वर्गात कोपऱ्यात बसून हसत होतात, का?' याचं उत्तर शोधायला ॲपकडे जाण्यापेक्षा स्वतःच दोन तुटक ओळी लिहिणं लवकर होतं. त्या तुटक ओळी आल्या की त्यांना नेहमीपेक्षा मोठं उत्तर लिहा. त्यांना बरोबर कळतं, की कुठल्या मेलला बाईंनी किंवा सरांनी मनापासून उत्तर दिलं.

रविवारचा हिशेब. सगळे लिहायला लागले की चौदा मेल, प्रत्येकी सहा मिनिटं धरली तरी चौऱ्याऐंशी मिनिटं झाली. तुम्हाला त्याहून जास्त वेळ लागत असणार, कारण तुम्ही दुरुस्त्या करताय. वर्गाचे दोन गट करा, सात जण या आठवड्यात, सात पुढच्या. दुरुस्त्या थांबवल्या की सहा मिनिटं पुरतात, म्हणजे पाऊण तासाच्या आत काम उरकतं. वार आणि वेळ जाहीर करा: मी बुधवारी उत्तरं देते, त्याआधी नाही. नाही तर रात्री साडेअकराला आलेल्या मेलला तुम्ही बारा वाजता उत्तर द्याल, आणि मग ती अपेक्षाच होऊन बसेल. अपवाद दोनच, तातडीचा निरोप आणि तुमच्या त्या विद्यार्थ्यासारखी बातमी.

अशा बातम्या येत राहणार, हे धरून चला. परक्या भाषेत जड गोष्ट सांगणं कधी कधी आपल्या भाषेपेक्षा सोपं जातं, शब्द तेवढे टोचत नाहीत. नोकरी गेल्याचं, नवरा सोडून गेल्याचं, आजाराचं मला लोकांनी मेलमध्ये आधी सांगितलंय. तुम्ही समुपदेशक नाही आणि तसं भासवूही नका. दोन-तीन साधी वाक्यं, 'शॅल वी टॉक आफ्टर क्लास?' असा एक प्रश्न, आणि पुढे मराठीत बोलायचं. तो मेल कोणाला पुढे पाठवायचा नाही, त्यातलं वाक्य फळ्यावर न्यायचं नाही, नाव झाकूनसुद्धा नाही. बाकीच्या मेलांतली वाक्यं मी वर्गात वापरते, पण विचारून, आणि थोडी बदलून. संपूर्ण वर्गाला एकच मेल पाठवताना पत्ते बीसीसीमध्ये टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. आमच्या एका विद्यार्थिनीने मला लिहिलेलं घरचं भांडण रिप्लाय ऑलमुळे सतरा जणांकडे गेलं होतं. तिने वर्ग सोडला. चूक माझी होती, तिला ते बटण मी दाखवलंच नव्हतं आणि पत्ते उघडे मीच ठेवले होते.

गुण देऊ नका. पत्राला दहापैकी सहा कसे देणार? संस्थेला काही दाखवावंच लागत असेल तर किती मेल आले आणि किती गेले एवढी नोंद ठेवा. मी आणखी एक करते. प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा मेल एका कागदावर वर-खाली छापून कोर्सच्या शेवटच्या दिवशी बंद पाकिटात देते, काही न बोलता. रात्रपाळीच्या त्या बाईंनी पाकीट तिथेच उघडलं, वरची ओळ वाचली आणि शेजारणीला म्हणाल्या, "बाईंनी चुकून दुसऱ्याच कोणाचा तरी दिलाय." तुमच्या त्या विद्यार्थ्याच्या पाकिटात मात्र पहिला मेल घालू नका, दुसरा घाला.